गोदीचे केस

माघ शु. ३, वरवट बकाल
गोदीची फणी आज माझ्या हाती पडली. केसांचा हा एवढा गुंता. दिवाळीत पोरगी मुदतीच्या तापातून वाचली, अन् आता डोक्याचं कातडं दिसून राह्यलं. तिची माय म्हणते दृष्ट. मले थोरल्या वहिनीचा संशय. नहाणाची शिकेकाई तीच कुटून देते. मंग तिच्या पोरीचे केस कसे टिकले? सोनाळ्याचं स्थळ आधी तिच्याच पोरीसाठी पाहून राह्यले होते, आता गोदीसाठी चाललं. ध्यानात ठेवलं.

माघ शु. ११
शिकेकाई बंद. माक्याचं तेल चालू. वैद्य म्हणे पित्त वाढलं, तिखट सोडा, जास्वंदीचा लेप लावा. त्याच्याच डोक्यावर केस नाही. मी तेवढंच पाहत बसलो.
नागपूरच्या पेपरात एका तेलाची जाहिरात, साऱ्या वऱ्हाड-मध्यप्रांतात मिळते म्हणे. चित्रातल्या बाईचे केस गुडघ्यापर्यंत. चित्र काढणाऱ्याच्या बापाचं काय जाते?

माघ व. ६
गोदीले घेऊन जळगावच्या सरकारी दवाखान्यात. डॉक्टर म्हणे, मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी केस असेच जातात. मुळं जिती आहेत, आपोआप येतील. दूध, डाळ, भाजी द्या. बस. ना गोळी, ना तेल. बिनऔषधाचा डॉक्टर कसला? आशा नाही म्हणून तर दिलं नसन?
वापस येताना गोदी म्हणे, मोठ्या आईसंगं बोलत जा, तापात माझ्या उशाशी त्याच बसून होत्या. वहिनीले ती मोठी आई म्हणते. काऊन म्हणाली ते समजलं. शिकेकाई मात्र बंदच.

माघ व. १२
सोनाळ्याचे पाहुणे आठवड्यात येतात. गोदीच्या मायनं वेणीत गुंफाले खोट्या केसांचं गंगावन आणलं. मी हो म्हटलं. ओळखू येत नाही. पण मुलाची आत्या म्हणे पोरीची वेणी सोडून पाहते. लोक इतके संशयी काऊन असतात?

फाल्गुन शु. २
येऊन गेले. आत्यानं पाठीवरून हात फिरवत फिरवत वेणी धरलीच. तर गोदीनं सोताच गंगावन सोडलं, आत्याच्या हातात ठेवलं.
"हे माझं नाही, आत्याबाई. माझे तापात गेले. येऊन राह्यले, पण बारीक हायेत."
मुलगा जमिनीकडे पाहत. चहा झाला, निघाले. स्थळ गेलं. पोरीले नाही नाही ते बोललो. वहिनी तिले घेऊन मागच्या दारी बसली.

फाल्गुन शु. ५
सोनाळ्याहून माणूस आला. पोरगी पसंत. केस वाढायची वाटही पाहाची नाही म्हणतात!
मले चैन पडेना. खाऊनपिऊन सुखी घर, अन् असं डोकं पाहूनही मागतात? पोराले फिट येत असन. नाहीतर बाहेर काही भानगड... गोदीच्या मायले म्हटलं, पोरात खोट हाय, चौकशी केल्याबिगर जबान द्यायची नाही. गोदी दारात उभी, दिसली नाही मले.
"बाबा, मले कोणी पसंत केलं म्हणजे त्याच्यात खोटच असली पाह्यजे काय?"
माणूस ओसरीवर बसून हाय, दोनदा पाणी झालं. आत येऊन हे लिहून राह्यलो. त्याले जाऊन सांगावं तरी काय?