फॉरवर्ड केलेली क्षमा आणि बाकी व्यवस्था

मी, कांतीलाल नेमासा कान्हेड, वय ७६, धंदा किराणा, शिक्षण सातवी, राहणार कामरगाव, तालुका कारंजा, जिल्हा वाशीम, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने व कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. रक्तदाब आहे, पण आजची गोळी घेतली आहे. गोळ्यांचे पाकीट दोनदा पाहिले.

१. राहते घर, दुकान व बँकेतील ठेव मुलगा पुनीत याला मिळावी. दुकानाचे मागचे कुलूप ओढून पाहिल्याशिवाय त्याने घरी जाऊ नये.

२. जुना तराजू व वजने कोणाला विकू नयेत. वीज गेली की इलेक्ट्रॉनिक काट्याचे काय होते ते मी पाहिले आहे.

३. माझा मोबाईल तांड्यावरचे अमरसिंग राठोड यांना द्यावा. तीस वर्षांचे गिऱ्हाईक. दर बाजाराला विचारतात, "कांतीशेठ, मले कवा शिकवता व्हॉट्सअ‍ॅप?" देण्याआधी त्यांना हे वाचून दाखवावे:

(अ) ग्रुपवर कोणी गेल्याची बातमी असेल तर तिच्याखाली सुप्रभातचे फूल टाकू नये. आधी वरचे वाचावे.

(ब) दोन निळ्या खुणा दिसूनही उत्तर आले नाही, तर लगेच फोन करून "रागावले काय?" असे विचारू नये. माणूस जेवत असतो. मला हे अजून जमत नाही.

(क) पाठवण्याआधी कोणाला जाते ते चष्मा लावून पाहावे.

(ड) पुसताना 'सर्वांसाठी' दाबावे. 'माझ्यासाठी' दाबले तर फक्त आपल्याला दिसत नाही.

४. शेवटच्या दोन गोष्टी मी कशा शिकलो ते लिहिणे भाग आहे. मेडशीला माझी धाकटी बहीण राजमती राहते. तिची मुलगी रुचा, तिची सोयरीक मोडली. मी पुनीतसाठी फोनमध्ये आवाज भरला, "पोरगी तोंडानं तिखट हाये, म्हणून मोडलं." तो गेला घरच्या ग्रुपवर. सत्तेचाळीस माणसे. घाबरून पुसला आणि निश्चिंत झालो. दोन दिवसांनी पुनीत म्हणाला, "बाबा, तुमच्याच फोनवरून गेलं. बाकी साऱ्याइच्या फोनवर वाजून राह्यलं." राजमती ग्रुप सोडून गेली होती.

पुढे क्षमावाणीचा दिवस आला. त्या दिवशी आम्हा जैनांत वर्षभराच्या चुकांसाठी घरोघरी जाऊन हात जोडतात. मी 'उत्तम क्षमा' लिहिलेला कमळाचा फोटो सर्वांना एकदम पाठवला, तिलाही. उत्तर आले, "दादा, हाच फोटो सिलेंडरवाल्याले बी धाडला असशील न? आता फोनवर तुह्याशी बोलनार नाही." धाडला होता. त्याला पंधरा महिने झाले.

५. आईच्या पाटल्या राजमतीला द्याव्यात. माझ्या मृत्यूनंतर पुनीतने मेडशीला जाऊन माझ्या वतीने तिची व रुचाची माफी मागावी.

हे वाचून पुनीत म्हणाला, "बाबा, हे बी फॉरवर्डच झालं."

६. म्हणून कलम ५ रद्द. सही न करता हे कागद व पाटल्या घेऊन, एसटी बदलत बदलत मी आज मेडशीला आलो. सगळ्या वाटेत पिशवी पोटाशी धरली होती. फोनमध्ये जे बोललो होतो ते दोघींसमोर पुन्हा बोललो, आणि ते चुकीचे होते असे सांगून हात जोडले.

रुचा म्हणाली, "मामा, तिखट तर मी हायेच. पन सत्तेचाळीस लोकाइले सांगाची काय गरज होती?"

मग राजमती म्हणाली, "म्या फोनवर बोलनार नाही म्हटलं होतं. घरी येऊ नको असं कवा म्हटलं?"

पाटल्या तिच्या हाती दिल्या. या मृत्युपत्राने आता तिला काहीही मिळत नाही. वकिलांनी सांगितले होते की ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये. त्यामुळे तिची सही चालते.

लिहून देणार: कांतीलाल नेमासा कान्हेड (सही)

आमच्यासमोर वाचून सही केली:
१. राजमती शांतीलाल बेलोकार, बहीण (सही)
२. रुचा शांतीलाल बेलोकार, भाची (सही)

स्थळ: राजमतीचे घर, मेडशी, तालुका मालेगाव, जिल्हा वाशीम
दिनांक: ९ जानेवारी २०२५