सातासमुद्रापारचं टपाल

३ मार्च, सोमवार

एकदाचं घोडं गंगेत न्हालं! अडीच वर्षं पत्रं पाठवून पाठवून कचेरीचे हात दुखले, आणि आज मास्तरांच्या मेल आल्या. इतके दिवस मेलवाल्या कंपनीचं एकच पालुपद — खातं तुमच्याकडच्या माणसाचं असेल, पण आमचं यंत्र परदेशात आहे, तिथल्या सरकारला विचारा. तिथलं सरकार म्हणे, कंपनीला विचारा. शेवटी दोन सरकारांचा करार झाला. मागचं सगळं आलं, आणि यापुढे दर सोमवारी ताजी खेप. दूधवाल्याचा रतीब बरा!

मास्तरांचा गुन्हा काय? निवृत्त शाळामास्तर. नव्या पुलाच्या खांबांना तडे गेल्याचा सरकारी अहवाल त्यांनी म्हणे वर्तमानपत्राला दिला. तडे कसे गेले याची चौकशी नाही. अहवाल कसा फुटला याची आहे.

साहेब पडद्यावर वाचत नाहीत, त्यांचे डोळे चुरचुरतात. म्हणून सातासमुद्रापलीकडून डोळ्याचं पातं लवायच्या आत आलेलं सगळं आम्ही कागदावर छापतो, भोकं पाडतो आणि दोरीने बांधतो. अकरा वर्षांची मेल. माझ्या टेबलावर नऊ गठ्ठे. काम म्हणाल तर सोपं — वाचायचं आणि प्रत्येक पानावर शिक्का मारायचा. 'कामाचे' नाहीतर 'बिनकामाचे'.

४ मार्च, मंगळवार

दोन गठ्ठे संपले. कामाचं शून्य. मास्तरांच्या मेहुण्याची मूळव्याध. एका बाईचं नवऱ्याशी पटत नाही, ती मास्तरांचा सल्ला विचारते. एक जुना विद्यार्थी कविता पाठवतो — त्याला खरं तर आत टाकायला हवं.

आदेश एका माणसाच्या नावाचा, आणि वाचली जाताहेत तीनशे बारा माणसं! मी मोजली. त्यांना बिचाऱ्यांना पत्ताच नाही.

समोरच्या टेबलावर डुलकीराव बसतात. नाव मीच ठेवलंय, कारण बघितलं की कळतं. ते म्हणाले, "ज्याच्याकडे लपवण्यासारखं काही नाही, त्याने कशाला भ्यावं?" आणि झाकण आडवं धरून डबा खाल्ला.

माझं स्वतःचं ईमेल खातं नाही. वेड लागलंय का मला? ही वही बरी. कपाटात राहते, किल्ली माझ्या पर्समध्ये.

६ मार्च, गुरुवार

चौथा गठ्ठा. पाठवणाऱ्याचं नाव वाचलं. पुन्हा वाचलं. चष्मा पुसून वाचलं.

माझी लेक!

मास्तर तिच्या शाळेतले, हे ठाऊक होतं. इतकं लिहिणं-बोलणं आहे, हे नव्हतं. त्रेचाळीस मेल! घर सोडून गेली त्याला दोन वर्षं झाली. आहे याच शहरात, बसने चाळीस मिनिटं. दर रविवारी मी फोन करते. "बरी आहेस ना?" "बरी आहे." "जेवलीस?" "हो." झालं संपलं. आणि मास्तरांना पानंच्या पानं!

नियम पाठ आहे, खाली सही केलीय — नातलगाचे नाव आढळल्यास तत्काळ कळवावे. कळवलं की गठ्ठा डुलकीरावांकडे, आणि लेकीचं नाव 'संबंधितां'च्या यादीत. एकदा त्या यादीत गेलं की माणूस आयुष्यभर संबंधितच राहतो. नाही कळवलं तर नोकरी जाईल माझी.

नाही कळवलं.

७ मार्च, शुक्रवार

वाचायचं नाही असं ठरवलं होतं. वाचलं. सगळं. दोनदा.

मी तिथे 'मातोश्री' आहे. "सर, आमच्या मातोश्रींना सरकार वाचायचा पगार देतं. मी लहान असताना त्या फुकट वाचायच्या." जीभ कोणावर गेलीय ते काही विचारायला नको.

सोळा वर्षांची होती. तिची वही मी गादीखालून काढून वाचली. नुसती वाचली असती तर एक वेळ ठीक — रात्रीच्या जेवणाला पाहुणे होते, त्यांच्यासमोर त्यातलं एक वाक्य म्हणून दाखवलं. गंमत म्हणून! सगळे हसले. ती ताटावरून उठली. मला वाटलं होतं विसरली असेल. कुठली विसरते! सगळं लिहून ठेवलंय, पाहुणे कोण होते त्यासकट. "त्या दिवसापासून मी आईला फक्त उत्तरं देते, सर. सांगत काही नाही."

गठ्ठा चार, पान एकशे अठरा. शिक्का मारला — बिनकामाचे. पाठमोरी बसून डोळे पुसले. डुलकीरावांना जाग नव्हती, नशीब.

१० मार्च, सोमवार

ताजी खेप. लेकीची एकच मेल.

"सर, गळ्यातल्या गाठीचा रिपोर्ट आला. काढावी लागणार. पंचवीस तारीख मिळालीय. आवाजाची नस तिथूनच जाते म्हणे, तिला धक्का लागला तर आवाज जाऊ शकतो. आणि गाठ कसली ते काढल्यावरच कळेल. घरी सांगितलेलं नाही. आईला कळलं तर ती काळजी नाही करणार, चौकशी करेल."

माझी लेक अंधांसाठी पुस्तकं वाचते. बंद खोलीत बसून तासन्‌तास मोठ्याने वाचायचं, ते रेकॉर्ड होतं. तिचा आवाज म्हणजे तिचं सगळं आहे. आणि तो जाईल की राहील हे कोणाला ठाऊक आहे? मास्तरांना, तिच्या डॉक्टरला, दोन सरकारांना आणि परदेशातल्या एका यंत्राला. आईला नाही. आईला अधिकृतपणे काहीच माहीत नाही!

घरी आले. ह्यांनी विचारलं, "चेहरा का उतरलाय?" म्हटलं, काम फार. गोपनीयतेची शपथ घेतलीय ना मी! हे शब्दकोडं सोडवत बसले होते. बापालाही पत्ता नाही.

१२ मार्च, बुधवार

देश वाचला! आज एक 'कामाचे' सापडलं. मास्तरांनी एका मेलमध्ये पुलाला 'बिचारा' म्हटलंय. साहेबांनी लाल पेन्सिलीने खूण केली, वर 'सांकेतिक शब्द?' असं लिहिलं. बिचारे साहेब.

माझं लक्ष कुठे आहे? तेरा दिवस उरले.

१६ मार्च, रविवार

घात केला. माझ्याच जिभेने!

सकाळपासून घोकत होते — बरी आहेस ना, जेवलीस का. एवढंच बोलायचं, एक अक्षर जास्त नाही. घंटी वाजत राहिली, वाजत राहिली. पलीकडे फोन उचलला गेला आणि माझ्या तोंडून निघालं, "गळ्याला जप गं."

मग —

"गळ्याचं तुला कोणी सांगितलं?"

"अगं, आवाज बसलेला वाटला तुझा."

"आई, मी अजून हॅलोसुद्धा म्हटलं नव्हतं."

फोन ठेवला तिने.

इतकी वर्षं या खुर्चीत काढली. मंत्र्यांची गुपितं पोटात ठेवली, कोणाच्या बापाला सुगावा लागू दिला नाही. आणि पोटच्या पोरीपुढे तीन शब्दांत उघडी पडले. माझ्यावर कोणी पाळत ठेवायची गरजच नाही, मला नुसता फोन द्या.

१७ मार्च, सोमवार

खेप आली. लेकीचं काही नाही. तिला समजायचं ते समजलं — गाठीचं तिने लिहिलं होतं फक्त मास्तरांना. कळायला ती कधीच मागे नव्हती.

तीनदा फोन केला. उचलत नाही.

१८ मार्च, मंगळवार

ह्यांना सांगितलं. शपथ गेली चुलीत. हे पेन्सिलीचं टोक नुसतं कागदावर घासत राहिले. मग म्हणाले, "मग जा की तिच्याकडे."

"कुठल्या तोंडाने जाऊ?"

"ज्या तोंडाने बोललीस त्यानेच. दुसरं कुठलं आहे?"



२१ मार्च, शुक्रवार

गेले होते. तिसरा मजला, लिफ्ट बंद. दाराशी तिच्या चपला होत्या, म्हणजे घरातच होती. आतून आवाज येत होता, काहीतरी वाचत होती. स्पष्ट, सावकाश, एकेक शब्द सुटा. उरलेलं पुस्तक तारखेच्या आत संपवायला बसली असणार.

घंटीवर बोट ठेवलं. आत जाऊन सांगायचं काय? की बाई गं, तुझं दुखणं मला सरकारने कळवलं? तुझी वही मी पुन्हा वाचली, या वेळी भोकं पाडून, दोरीने बांधून, शिक्का मारून?

बोट काढून घेतलं. पायरीवर बसून ऐकत राहिले. हेही चोरूनच की! पण उठवेना. वरून कोणीतरी उतरायला लागलं तशी उठले आणि घरी आले.

लाज वाटते. दुसरा शब्द नाही.

२३ मार्च, रविवार

फोन केला नाही. हे म्हणाले, "मी करू?" करून पाहिला. उचलला नाही.

२४ मार्च, सोमवार

खेप आली. मास्तरांच्या पत्त्यावर एकच मेल, काल दुपारची.

"आई, मंगळवारी सकाळी आठला आत नेतील. सोमवारी दुपारपासून मी सरकारी इस्पितळात, दुसऱ्या मजल्यावर, खाट सहा. त्याआधी मला तुझ्याशी बोलायचंय. नंतर आवाज राहील न राहील. फोनवर मला रडू आलं असतं. बाबांनाही आण. सर, माफ करा, पण तिला नक्की पोचेल असा दुसरा पत्ता मला माहीत नाही."

साहेबांच्या टेबलावर ठेवली. म्हटलं, ही माझी मुलगी. काय ती कारवाई करा. निघाले.