आग्नेय कोपऱ्यातली रिकामी जागा

सोमवार, तीन फेब्रुवारी, सकाळी दहा वाजून सतरा मिनिटं आणि अडतीस सेकंद. ही वेळ आधी कुठेतरी लिहून ठेव. याच वेळी माझ्यावर अन्याय झाला आणि त्याला जबाबदार तू आहेस.

चि. ठेंगू यास काकूचे आशीर्वाद. (सहा फुटी माणसाला, दोन मुलांच्या बापाला, ठेंगू म्हणू नये असं सूनबाई मागे म्हणाली होती. तिला सांग, नाव ठेवलं तेव्हा तू टेबलाखालून ताठ चालत जायचास, आणि वागणूक अजून तेवढीच आहे.) तुझी पाठ कशी आहे? सूनबाईची दाढ काढून झाली का? मुलं परीक्षेत पास झाली असतील असं धरून चालते, कारण नापास झाली असती तर तू एव्हाना माझ्याकडे शिकायला पाठवली असतीस. मी बरी आहे. माझे कान तर उत्तमच आहेत. हे वाक्य उगाच लिहिलेलं नाही. सोबत कानाच्या डॉक्टरचा कागद जोडला आहे, तो सांभाळून ठेव, त्याचं काम पुढे पडेल.

तू उड्डाणतळाच्या प्रेक्षक विभागात बसतोस. लोकांना रॉकेट दाखवणं हीच तुझी नोकरी. तरी सख्ख्या काकूला गॅलरीचा एक पास तुला मिळवता आला नाही. ("चार मिनिटांत संपतात हो, काकू!" चार मिनिटांत मी एकेकाळी वीस ट्रंक कॉल जोडलेत.) पासाऐवजी तू एका चिठोऱ्यावर तीन जागा लिहून पाठवल्यास. मी कोणाच्या शब्दावर जाणारी नाही, म्हणून घडीची खुर्ची आणि छत्री घेऊन आदल्या आठवड्यात तिन्ही जागा पाहून आले. समुद्राकडच्या बांधावरून उड्डाणतळाचा मनोरा दिसतो खरा, पण बर्फाच्या कारखान्याची चिमणी त्याच्यासमोर अशी उभी आहे की रॉकेट चिमणीतूनच सुटलं असं वाटावं. टेकडीवर एक निवृत्त फोटोग्राफर आठवडाभर आधीच दोरी बांधून बसला होता. मला म्हणतो, "आजी, दोरीच्या पलीकडे." मी म्हटलं, "आजी कोणाला म्हणता? माझ्या डोक्यावर तुमच्या तिप्पट केस आहेत." तो हसला, पण दोरी काही सोडली नाही.

उरलं जुनं पंपघर. त्याच्यापुढे तू तुझ्या त्या किरट्या अक्षरात लिहिलं होतंस: गच्चीचा आग्नेय कोपरा, कितीही गर्दी असली तरी तिथे एक जागा रिकामी असते. ते वाचून मला वाटलं, पोराला अखेर अक्कल आली. का रिकामी असते, हे विचारायला हवं होतं. टेलिफोन एक्सचेंजमध्ये चाळीस वर्षं माझं कामच विचारण्याचं होतं. पण आपल्या माणसाने लिहिलंय म्हटल्यावर मी बेसावध राहिले. मी तिथे गेले त्या दिवशी गच्ची मोकळीच होती, त्यामुळे रिकाम्या गच्चीतला रिकामा कोपरा मला वेगळा कसा दिसणार!

आता मला रॉकेटचं एवढं वेड कुठून लागलं, असं सूनबाई विचारेल. तिला माहीत नसेल म्हणून लिहिते. तुझे काका एकतीस वर्षं तळाच्या आवाज खात्यात होते. तळाभोवती चार इमारतींच्या गच्च्यांवर चार माणसं स्टॉपवॉच आणि नोंदवही घेऊन बसत. रॉकेट सुटलं की घड्याळ चालू करायचं आणि आवाज येऊन पोचला की थांबवायचं. काचा थरथरल्या का, किती वेळ थरथरल्या, तेही लिहायचं. हे सरकारी काम होतं आणि यासाठी माणसं पगारी ठेवलेली होती, हे आज कोणाला खरं वाटणार नाही. (आता तेच काम एक डबी करते.) काका घरी येऊन सांगत की उजेड डोळ्यांनी बघायचा असतो, पण आवाज छातीत घ्यायचा असतो; आधी बरगड्यांना कळतं, मग कानांना. मी एकदाही गेले नाही. उड्डाणाच्या दिवशी सगळ्या लाइनी तुंबायच्या, आमची रजा रद्द व्हायची. त्यांची गच्ची कुठली तेही मी कधी विचारलं नाही. ते 'चौकी' म्हणायचे, मी 'तुमची ती चौकी' म्हणायचे, आणि संसार चालला होता.

शेवटच्या वर्षी त्यांनी लागोपाठ पाच उड्डाणांना वहीत लिहिलं: आवाज आला नाही. बाकीच्या तीन गच्च्यांवर आला, काचा थरथरल्या, आणि यांच्याकडे नाही! साहेबांनी फाइलवर 'ऐकण्यास असमर्थ' असा शेरा मारला आणि निवृत्तीला सहा महिने उरले असताना त्यांना घरी बसवलं. मी काय केलं ते तुला माहीत आहे, तू तेव्हा आमच्याकडेच होतास. त्यांची बाजू घ्यायची सोडून मी त्यांना कानाच्या डॉक्टरकडे ओढत नेलं. डॉक्टर म्हणाले कान तरुण माणसासारखे आहेत. त्यावर मी, डॉक्टरांच्या देखत, म्हटलं, "म्हणजे डोकं तपासायला हवं." शेवटच्या उड्डाणानंतर बाराव्या दिवशी ते गेले. तेव्हापासून मला एकदा तो आवाज छातीत घ्यायचा होता. बस, एवढंच. त्यांच्याशी वाद घालायला आता दुसरं काही उरलेलं नाही.

तर सोमवारी मी साडेआठलाच पंपघराच्या तीन मजल्यांचे जिने चढून गेले. गच्चीवर शंभर तरी माणसं होती. एकमेकांच्या कोपरात कोपर, कठड्यावर मुलं, मुलांच्या डोक्यावरून दुर्बिणी. आणि आग्नेय कोपऱ्यात, अगदी मनोऱ्याच्या समोर, एक खाट मावेल एवढी जागा स्वच्छ रिकामी. स्वच्छ म्हणजे स्वच्छ. बाकी सगळा कठडा कबुतरांनी घाण केलेला, तेवढ्या जागेत एक ठिपका नाही. लोक बोलत बोलत तिथपर्यंत येत आणि खाली खड्डा असल्यासारखे वळसा घालून पुढे जात. शेजारी थर्मास घेऊन एक नर्सबाई बसली होती. मी विचारलं, "इथे कोणी आहे का?" ती म्हणाली, "बसा ना, बसा. तिथे कोणी बसत नाही." केवढी सभ्य माणसं, असं मला वाटलं! मी खुर्ची उघडून ठेवली. जमिनीवरच्या जुन्या डांबरात चार खळगे होते. माझ्या खुर्चीचे चारही पाय बरोब्बर त्या चार खळग्यांत बसले. मी सरकवून पाहिली, तर खुर्ची हलेना. मग म्हटलं, चला, डुगडुगणार तरी नाही.

नर्सबाईने खालून पंपघरातून कपबशा मागवल्या होत्या, त्यातल्या एकीत तिने मला चहा दिला. तो घेताना माझ्या लक्षात आलं की तिचे ओठ हलतायत, पण शब्द फार लांबून येतायत. भोंग्यावरची उलटी मोजणीही बंद दारापलीकडून यावी तशी येत होती, आणि पाचपर्यंत आल्यावर तीही थांबली. लाइन मेली की कानाला कळतं, ठेंगू. मेलेल्या लाइनीत काहीच नसतं. ही तशी नव्हती. पलीकडे कोणीतरी रिसीव्हर हातात धरून आहे, ऐकतंय आणि बोलत नाही, अशी ती शांतता होती. असे कॉल मला चाळीस वर्षांत दोन-तीनदाच आले. तेव्हाही मी "बोला, बोला" म्हणत राहायचे, फोन ठेवायचा धीर व्हायचा नाही.

दहा सतराला मनोऱ्याखाली उजेड झाला. तो कसा होता ते लिहीत नाही, तू रोज तेच विकतोस. रॉकेट वर निघालं आणि मी मोजायला लागले. आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी शिकवल्याप्रमाणे, पाठ ताठ, हात मांडीवर, आकड्यामागे एक श्वास. काकांनी अडतीस सेकंद सांगितले होते. छत्तीस, सदतीस, अडतीस. आणि समोरच्या कठड्यावरची सगळी कबुतरं एकदम उडाली. शंभर तोंडं उघडली. एका बाळाने कान झाकून भोकाड पसरलं, मला फक्त त्याचा घसा दिसला. नर्सबाईच्या थर्मासचं झाकण पडलं आणि माझ्या पायाशी गोल गोल फिरत राहिलं, आवाज न करता. जिन्यावरच्या खोलीच्या काचा चौकटीत नाचत होत्या. नर्सबाईच्या हातातला चहा उसळून बशीत आला. माझ्या हातातल्या चहावर सुरकुतीसुद्धा उमटली नाही.

मी उठून दोन पावलं बाहेर आले. लगेच सगळं कानावर आदळलं: टाळ्या, शिट्ट्या, त्या बाळाचं रडणं. पण जे यायचं ते येऊन गेलं होतं. नर्सबाई छातीवर हात ठेवून म्हणाली, "काय बाई तो आवाज! बरगड्या हलल्या." मी थर्मासचं झाकण उचलून तिच्या हातात दिलं. इतक्यात पंपघराचा म्हातारा पंपवाला कपबशा गोळा करायला आला आणि हळूच म्हणाला, "तुम्हाला नाही ना आला?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"तिथे बसलं की नाही येत. लोकांना माहितेय. इथे एक साहेब बसायचे, वही घेऊन. शेवटी शेवटी त्यांना पण नाही यायचा. बिचारे खाली येऊन मला विचारायचे, तुला आला का रे? मी हो म्हटलं तरी वहीत 'आला नाही' असंच लिहायचे. मी म्हणायचो, साहेब, लिहून टाका ना आला म्हणून, कोण बघतंय! तर म्हणायचे, न आलेलं कसं लिहू?"

ते खळगे त्यांच्या खुर्चीचे होते.

दुसऱ्याच दिवशी मी कानाच्या डॉक्टरकडे गेले. आताचा डॉक्टर तरुण आहे, पण कागदावर तेच लिहिलंय: दोन्ही कान निर्दोष. तेव्हा आता माझी तक्रार ऐक. तुला तो कोपरा माहीत होता. ती गच्ची कोणाची, तेही माहीत होतं. मला जागा सुचवताना तू अर्धं वाक्य लिहिलंस आणि अर्धं गिळलंस. काकूला काही सांगण्यापेक्षा तिथे नेऊन बसवलेलं बरं, असं तुझ्या मनात असेल तर तो तुझा शहाणपणा तुझ्यापाशी ठेव. (तो तसा होता, हे मला गच्चीचा जिना उतरतानाच कळलं. मधल्या मजल्यावर मला पाच मिनिटं बसावं लागलं.)

आता तुझ्या खात्याने करायचं काम. काकांच्या फाइलवरचा 'ऐकण्यास असमर्थ' हा शेरा खोडून तिथे 'नोंद बरोबर' असं लिहायचं. साक्षीदार मी, पंपवाला आणि हा कागद. फाइल सापडत नाही असं कळवू नकोस. नंबर सापडत नाही म्हणणाऱ्यांना तो शोधून देण्यातच माझी उमेदीची वर्षं गेली आहेत.

तुझी,
काकू

ता. क. वरचं पत्र आज शनिवारी, बावीस तारखेला, सकाळी नऊ वाजता लिहायला घेतलं आणि दहाच्या सुमारास संपवलं. पाकीट शोधत होते तेव्हा स्वयंपाकघरात कपबशा किणकिणल्या. मग पायाखालची फरशी, मग बरगड्या, मग कान. काकांनी सांगितलेल्याच क्रमाने. मी टेबलाला धरून उभी राहिले. शेजारीण तिच्या गच्चीत कपडे वाळत घालत होती, तिने मानसुद्धा वर केली नाही. मी घड्याळ पाहिलं. दहा सतरा आणि अडतीस सेकंद. एकोणीस दिवस उशिरा, पण सेकंदाला पक्का.

तुला आठवतं का, शेवटच्या वर्षी काका कधीमधी दहाच्या चहाला बसलेले असताना मान वर करून म्हणायचे, "आला"? मी जाऊन दार उघडायचे. बाहेर कोणी नसायचं आणि मी येऊन त्यांना बोलायचे. ते उठून कपाटापाशी जायचे. आज मी ते कपाट उघडलं. दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीच्या पाच ओळी आहेत (मी दोनदा रंगवायला काढलं होतं, रंगारी आला नाही म्हणून वाचल्या). प्रत्येक ओळीत उड्डाणाची तारीख आणि पुढे आवाजाची, बरोबर एकोणीस दिवसांनंतरची. पाचव्या ओळीत उड्डाणाची तारीख आहे आणि पुढची जागा कोरी. त्या आवाजाच्या दिवशी काका नव्हते आणि मी घराला कुलूप लावून बहिणीकडे गेले होते.

ता. क. दुसरा. मी त्यांच्या ओळीखाली माझी ओळ लिहीत होते, तेवढ्यात कपबशा पुन्हा किणकिणल्या. तळावरून त्यानंतर दुसरं रॉकेट सुटलेलं नाही, मी वर्तमानपत्र पाहिलं आहे. घरी माणूस नसलं की पोस्टमन रजिस्टर पत्र परत नेतो आणि पुढच्या टपालाबरोबर पुन्हा आणतो, तसंच काहीसं असावं. हा दुसरा आवाज जास्त वेळ राहिला. टेबलाच्या पलीकडची खुर्ची हादऱ्याने मागे सरकली, माणूस उठताना सरकते तेवढीच. मी "आला" म्हणाले. मोठ्याने म्हणाले, कारण एवढ्या आवाजात ऐकू जायला हवं होतं. मग पाचवी ओळ पूर्ण केली. डॉक्टरांच्या देखत जे बोलले होते ते परत घेतलं. तेही मोठ्यानेच.

ता. क. तिसरा, आणि खरं काम हे. पुढचं उड्डाण वीस मार्चला आहे. गॅलरीचा पास मला नको, आता दिलास तरी नको. पंपघराच्या गच्चीवर आग्नेय कोपऱ्यात मला दोन खुर्च्या ठेवून हव्यात, एक त्या चार खळग्यांतच. त्यात कोणी बसू नये असा फलक लावायची गरज नाही, बसणार नाहीतच. होय की नाही, आणि फाइलचं काय झालं, याचं उत्तर शुक्रवार, चौदा मार्च, संध्याकाळी पाचच्या आत माझ्या हातात पडलं पाहिजे, आणि लेखीच हवं. फोन करू नकोस. बोललेलं आमच्या घरी कधी पोचेल याचा आता भरवसा नाही.