ब्रेकवरचा ठपका

मी, सायकलच्या सीट बनवणारी, वय सेहेचाळीस, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्या दबावाशिवाय लिहीत आहे. आजार काही नाही, नुसती थकले आहे. आधीची दोन मृत्युपत्रे रद्द समजावीत. त्यांत मी खरे लिहायचे टाळले होते.

१. राहते घर थोरल्या बहिणीला, ताईला. तिने तळमजल्यावरची खोली घ्यावी. तिला जिना चढवत नाही. कारण कलम तीनमध्ये आहे.

२. शिलाई मशीन, चामडे कापायच्या सुऱ्या आणि लाकडी साचे भाचीला. तिने एवढे लक्षात ठेवावे : मऊ सीट दुकानात सुखाची वाटते, तासाभराने माणूस तिच्यात रुततो आणि सारखी चुळबुळ करतो. बेताची कडक सीट हाडांना आधार देते. हे न पटणारे गिऱ्हाईक रोज येईल. वाद घालू नये. मी घातला, उपयोग झाला नाही.

३. सहा वर्षांपूर्वी ताई म्हणाली, "तुझी सीट पुढून टोचते गं. जगाच्या सीट करतेस, बहिणीचं बूड तेवढं परकं." मी सीटचे पुढचे टोक कापून टाकले. टोचणे थांबले. पण उताराच्या वळणावर सायकल नुसत्या हँडलने आवरत नाही; ते टोक मांड्यांत धरावे लागते. हे मला ठाऊक होते. तिला सांगायचे राहिले, की तिने कौतुक केले म्हणून सांगितले नाही, हे अजून ठरवता येत नाही. त्याच आठवड्यात ती वळणावर पडली, खुबा मोडला. "ब्रेक लागलेच नाहीत," ती सगळ्यांना सांगत राहिली. ब्रेक माझ्या भागीदाराने, मेकॅनिकने तपासले होते. पडलेल्या सायकलचे मीही तपासले. नीट लागत होते. मी गप्प बसले. गिऱ्हाइके तुटली, त्याने दुकान सोडले. आता तो गोदामात खोकी उचलतो.

४. दुकान आता माझ्या एकटीच्या नावावर आहे. ते सगळे त्याला. काल हा मसुदा त्याला दाखवला. त्याने चष्मा पुसून दोनदा वाचला. "बाई, म्हणजे माझं नाव साफ व्हायला तुमच्या मरणाची वाट बघू? तुमच्या घरात सगळे नव्वदी गाठतात."

५. त्याचे बरोबर आहे. म्हणून आज सकाळी कलम तीन ताईला वाचून दाखवले.
"सहा वर्षं त्याला शिव्या घातल्या मी," ती म्हणाली. "तुझी जीभ कुठे होती?"
मी कागद खाली ठेवला.
तिने काठी घेतली. "गाडी बोलव. गोदाम किती वाजेपर्यंत उघडं असतं?"
"मी येऊ?"
"नको."
तिने घर नाकारले तरी कलम एक कायम राहील.

साक्षीदार : आमचे डॉक्टर (सही), शेजारची शिंपीण (सही). दोघांनी कलम तीन वाचूनच सह्या केल्या.

लिहून देणार : सही
ठिकाण : दुकानाची मागची खोली
बुधवार, चौदा तारीख, दुपारी दोन. ताई अजून परतलेली नाही.