काट्यावर बरोबरी

३ ऑक्टोबर

फाईट मिळाली! आठ महिने नुसती पंचिंग बॅग बडवत होते. जयवंतकाकांनी जिममध्ये सगळ्यांसमोर सांगितलं — प्रमोटर विक्रांतसर परळला शो करतायत, त्यात मी, समोर दादरची क्षितिजा. पंचावन्न किलोला. मी बावन्नची. "तीन किलोनं काय होतं गं? ही जिंकलीस की डिसेंबरात टायटल, तुझ्या वजनात."

टायटल! काका कोच म्हणून सांगतात तेव्हा मी विचारतही नाही. बाबा गेल्यापासून माझं सगळं तेच बघतात.

११ ऑक्टोबर

निम्मी चाळ येणार. विक्रांतसरांनी तिकिटं माझ्याच हातात दिली — लालबागची पोरगी, हॉल तूच भरणार. आईचं एकच पालुपद, "कित्याक मार खाऊक जातंस?"

खायला नाही गं बाई, द्यायला.

१७ ऑक्टोबर

वजन झालं. बाकीच्या मुली वजनाआधी पाणी तोडतात, सुकतात. मला काकांनी उलट पाजलं. दोन बाटल्या, वर केळी. "फरक जास्त दिसला तर डॉक्टर फाईट उडवतील." मीही ढोसलं. पोट नुसतं डुचमळत होतं.

काट्यावर मी चोपन्न, ती पंचावन्न. मी आणि काका हसलो. क्षितिजाला हसायचंही त्राण नव्हतं. ओठ फुटलेले, डोळे आत गेलेले. मनात म्हटलं, ही काय लढणार उद्या.

१८ ऑक्टोबर

हरले.

१९ ऑक्टोबर

डावा डोळा बंद आहे, एका डोळ्यानं लिहितेय.

रिंगमध्ये आली ती वजनाच्या वेळची मुलगी नव्हतीच. एका दिवसात खाऊन-पिऊन पार भरून आलेली. माझे ठोसे लागत होते, तिला ढिम्म काही होत नव्हतं. तिचा हात नुसता माझ्या ग्लोव्हवर बसला तरी मी मागे फेकली जायचे. दुसऱ्या राउंडनंतर काकांना म्हटलं, जड आहे हो ही, खूप जड. "पूर्ण कर," एवढंच म्हणाले. फाईट थांबवायचा टॉवेल त्यांच्या खांद्यावरच होता.

चारही राउंड उभी राहिले. बाहेर चाळीतले लोक नजर चुकवत होते.

क्षितिजा स्वतःहून चेंजिंग रूममध्ये आली. डोळ्याला बर्फ धरला. "मी एकसष्टची आहे गं. सहा किलो उतरवून आले." मग बर्फ दुसऱ्या हातात घेत, "तुझ्या सरांना माहीत होतं सगळं. तुझं नाव त्यांनीच दिलं ना?"

२२ ऑक्टोबर

जिममध्ये जाऊन विचारलं. काका खोटं बोलले असते तरी चाललं असतं मला. पण नाही. कुणाच्या तरी हाताला पट्टी गुंडाळत होते, मान वर न करता म्हणाले, "स्पॉन्सरला क्षितिजाचा जिंकण्याचा रेकॉर्ड हवाय. हरेल पण आडवी होणार नाही अशी मुलगी विक्रांतला पाहिजे होती. मी म्हटलं, आमची रुपाली. कौतुकच केलं तुझं."

कौतुक! आणि डिसेंबर? "बघू." एक तारखेपासून काका विक्रांतच्या दादरच्या जिमचे हेड कोच. हेही त्यांनीच सांगितलं, शांतपणे.

बाबांच्या तेराव्याला हाच माणूस आईला म्हणाला होता, पोर माझी समजा. हलकट. लिहून टाकलं, तरी बरं काही वाटत नाही.

२६ ऑक्टोबर

ग्लोव्ह्ज पोटमाळ्यावर टाकले. आईनं पेज वाढली, वर लोणच्याची फोड.

९ नोव्हेंबर

विक्रांतसरांचा फोन, थेट मला. डिसेंबरात फाईट. जिंकलीस तर टायटल नक्की, म्हणाले. समोर वडाळ्याची अंबिका, पहिलीच फाईट, माझ्याहून सात किलोनं कमी. तिला हा फरक अजून सांगितलेला नाही.

मी हो म्हटलं.