विषयाच्या खाली वाचायचं नाही

४ फेब्रुवारी १९९०

भरीत पार्टी झाली. गिरणेच्या काठी, आमच्या सेक्शनचे बारा जण. वांगी कपाशीच्या वाळक्या पऱ्हाटीवर भाजली, तेलाला हात सैल. वर्गणी काढायची वेळ आली आणि माझ्या तोंडून निघून गेलं – राहू द्या रे, मी देतो! एकशे ऐंशी रुपये. पगार होऊन तीन दिवस. टाळ्या मात्र झकास पडल्या.

रुपचंदभाऊंनी तेवढी आपली वर्गणी माझ्या खिशात कोंबली. पंधरा रुपये, मोजून. माझ्या समोरच्या टेबलावरचे, ऑफिसातले सर्वांत जुने कारकून. म्हणाले, "फुकटनं माले पचत नही, अभिमन." कवडीचुंबक माणूस, पण चोख.

१२ फेब्रुवारी

आज आवकेत मजेशीर पत्र. ऑफिसात येणारं प्रत्येक पत्र माझ्या टेबलावरून जातं – शिक्का, क्रमांक, तारीख, विषय, की पुढे. विषयाच्या खाली वाचायचं नाही, हे मी पहिल्याच वर्षी शिकलो. वाचत बसलं तर दिवसाची साठ पत्रं कधी संपायची?

तर पत्र एका पतपेढीचं, साहेबांच्या नावे. विषय: श्री. रुपचंद पुना पाटील यांचे पगारातून वसुलीबाबत. भाऊंकडे वसुली! जो माणूस टाचण्यासुद्धा वाकड्या झाल्या तर सरळ करून वापरतो! हसू दाबलं आणि पत्र लेखा शाखेकडे पाठवलं.

१८ फेब्रुवारी

कुंदा लेकीला, छबीला घेऊन अमळनेरला गेली. माहेरी.

भांडण वगैरे काही नाही. काल बाजारात तिला भागाबाई भेटल्या – रुपचंदभाऊंच्या पत्नी. घरी येताच तिने ट्रंक खाली काढली. आज सकाळी भरली. मी विचारलं, काय झालं? "सगळं कर्ज फेडा, मग न्यायला या. त्याआधी नको."

भागाबाईंनी काही सांगितलं का? "मला कशाला सांगतील? ऑफिसात तुम्ही असता ना?"

बसपर्यंत ट्रंक मीच नेली. छबीला खिडकी मिळाली म्हणून ती खूष.

२० फेब्रुवारी

घर रिकामं. बसलो आणि यादी केली. आयुष्यात पहिल्यांदा.

किराणा – ७४०. कापडवाला – ५१५ (लोकांच्या लग्नातल्या आहेराची कापडं! ज्यांची नावं आठवत नाहीत त्यांच्याही). टेपरेकॉर्डरचे राहिलेले हप्ते – ९००. हातउसने, चार जणांचे मिळून – ६५०. एकूण अठ्ठावीसशे पाच.

शिवाय रंगीत टीव्हीसाठी पतपेढीतून काढलेले पाच हजार. तीन हप्ते भरले, मग नाही जमलं. त्यांची पत्रं टीव्हीवरच्या कापडाखाली ठेवतो, न फोडता. जामीन कोण? ऑफिसात चहा पिता पिता सह्या होतात, कोण कोणाला जामीन हे कोणालाच आठवत नाही. मी स्वतः किती जणांना आहे, देव जाणे. हा आकडा फार मोठा. शेवटी बघू.

१ मार्च

पगार. हातात चौदाशे साठ. घरी येईपर्यंत तसेच आणले. पराक्रमच.

४ मार्च

नियम: खिशात रोज तीन रुपये, बाकी डब्यात. "मी देतो" हे दोन शब्द बंद.

९ मार्च

शिपाई चिंधाला नात झाली, कँटीनमध्ये बातमी आली. तोंड उघडलं होतं – पेढे मी देतो म्हणून. खोकला आल्यासारखं केलं. चिंधाने पाणी आणून दिलं. फार वाईट वाटलं.

२ एप्रिल

पतपेढीचं पत्र या महिन्यात नाही. गेल्याही महिन्यात नव्हतं. चिंधा म्हणतो, "साहेब, कर्जमाफीनं वारं शे." ती शेतकऱ्यांची रे, टीव्हीची नाही! पण पत्र नाही हे खरं. आपण कशाला विचारायला जावं? निजलेलं पोर कोण उठवतं.

हातउसन्यांपैकी दोघांचे दिले. साडेतीनशे. दोघांनाही आश्चर्य वाटलं, एकाने नोट उजेडात धरून पाहिली.

२७ एप्रिल

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. गल्लीत झोके बांधलेत, सगळ्या लेकी माहेरी आल्यात. आमची फेब्रुवारीतच गेली, म्हणजे वेळेच्या पुढे. खापराच्या पुरणपोळीचा वास घराघरातून. मी वरणभात केला. करपला.

छबीची आठवण येते. लिहून टाकलं, म्हणजे झालं.

१४ मे

रुपचंदभाऊंनी सायकल विकली. पिंप्राळ्याहून पायी येतात, या उन्हात! विचारलं तर म्हणाले, चालणं तब्येतीला बरं. चहाही सोडलाय. पैशासाठी माणूस जिवाला किती खाईल, याला काही माप?

डबा मात्र दुपारी माझ्यापुढे सरकवतात. कुंदा नाही हे त्यांना ठाऊक आहे. ज्वारीची भाकरी, मिरचीचा ठेचा. कधी मेथी. मी खातो. वर त्यांनाच चिक्कूही म्हणतो, मनात. बरं दिसत नाही, पण खरं ते असं आहे.

३ जून

किराणा फिटला. दुकानदाराने वहीत माझ्या पानावर तिरकी रेघ मारली आणि लगेच विचारलं, "भाऊ, नवं पान उघडू?" नाही म्हणालो. त्याचा चेहरा पडला!

उधारीपायी मी तीन रस्ते सोडले होते. आता दाणाबाजारातून सरळ घरी जातो. दहा मिनिटं वाचतात.

२१ जून

भाऊ आज विचारत होते, "तू त्या पतपेढीमा कधी जास का?"

म्हटलं, नाही. पत्रच येत नाही.

त्यांनी फायलीची दोरी सोडून पुन्हा बांधली. मग म्हणाले, "तरी एकदाव जाई ये." मी हो म्हटलं. म्हाताऱ्याला जगाची काळजी! गेलो नाही.

५ ऑगस्ट

टेपरेकॉर्डरचे सगळे हप्ते संपले. आता तो माझा झाला आणि नेमका आजच बिघडला. दुरुस्ती साठ रुपये. राहू दे.

१० सप्टेंबर

ऑफिसात बातमी – रुपचंदभाऊंनी मुलीचं लग्न पुढच्या वर्षावर टाकलं. साखरपुडा होऊन बसलाय. पाहुणे चिडलेत म्हणे. कोणी तरी म्हणालं, म्हाताऱ्याला पैसा सुटत नाही. सगळे हसले.

मीही हसलो.

२० ऑक्टोबर

भाऊबीज. अमळनेरला गेलो नाही. कापडवाल्याचे शंभर बाकी आहेत. कुंदाचं पत्र आलं, चार ओळी. छबीचा दात पडला. शेवटी – "यादी कुठवर आली?"

१ नोव्हेंबर

फिटलं! अठ्ठावीसशे पाच, बठ्ठं, सगळं! कापडवाल्याने चहा पाजला – त्याच्या पैशाने! यादीवर एकेक काट मारली. आठ महिन्यांत एकदाही कोणासाठी खिशात हात घातला नाही आणि जग बुडालं नाही. कालपर्यंत मी आणि पैसा, दोघं एकमेकांना चुकवत होतो.

रविवारी जातो न्यायला.

४ नोव्हेंबर

अमळनेरहून परत. एकटाच.

मला आलेला पाहून सासूबाईंनी, शेवंताबाईंनी, पाट मांडला. "जवाईबापू उनात, बसा." छबी मांडीवर बसली, दाताची खिडकी दाखवली. मी ऐटीत यादी काढून कुंदापुढे ठेवली.

तिने बोट लावून वाचली. वर पाहिलं. "आणि टीव्हीचं?"

म्हटलं, ते मिटलं. फेब्रुवारीपासून पत्र नाही.

"मिटलं? कोणी मिटवलं?"

मी यादीची घडी घालू लागलो. ती म्हणाली, "मी इकडे आले त्याच्या आदल्या दिवशी बाजारात भागाबाई भेटल्या, हातात पाटल्या नव्हत्या. मी विचारलं तर म्हणाल्या, कोणाला सांगू नको, तुला माझी शपथ. मी शपथ पाळली. तुम्हाला मात्र कोणीच शपथ घातली नव्हती. तुम्ही बघायचं होतं."

छबी बसपर्यंत आली. मी येते म्हणाली. नंतर, म्हटलं.

५ नोव्हेंबर

सगळ्यांच्या आधी ऑफिसात गेलो. आवक नोंदवही काढली. १२ फेब्रुवारी, क्रमांक २१४. अक्षर माझं. शिक्का माझा. लेखा शाखा उघडताच फाईल मागवली आणि पत्र वाचलं – विषयाच्या खालचं. जामीनदार: श्री. रुपचंद पुना पाटील. थकबाकीदार कर्जदार म्हणून माझं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. मी थकवलेल्यांपैकी तीन हप्ते त्यांनी रोख भरले, आता दरमहा दोनशे दहा पगारातून.

लाज वाटली. दुसरा शब्द नाही.

दुपारी भाऊंनी डबा उघडला, माझ्याकडे सरकवला. "खाई ले. आज मेथी शे."