थाळी, दोरी आणि उंबरतळ्याचे पाणी

लिहून ठेवणार: सिद्धेश्वर महारुद्र मठपती, वय वर्षे त्रेपन्न, राहणार मौजे उंबरतळे, लोहाऱ्यापासून तीन कोस, जिल्हा उस्मानाबाद. धंदा: थोडी शेती, गावातल्या मुलांना संस्कृत शिकवणे, मुले न आल्यास एकट्याने म्हणणे, आणि हैदराबादच्या एका साप्ताहिकाची बातमीदारी.

पोट सोडून बाकी सर्व ठिकाणी ठीक असताना, कोणी हात न धरता आणि कोणी आग्रह न करता, मी हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. सोलापूरच्या डॉक्टरांनी मला मुतखडा असल्याचे सांगितले असून पुढल्या आठवड्यात ते तो कापून काढणार आहेत. सतरा वर्षे गावाला "पाणी गाळून, उकळून प्या" असे सांगणाऱ्या आणि स्वतः तसेच पिणाऱ्या माणसाच्या पोटातच खडा निघाला, याचा गावाला जो आनंद झाला आहे तो मी समजू शकतो. माझे चित्त ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तसे लिहून दिले आहे. गावात दोर वळणाऱ्या रुद्रम्माने ते मान्य केलेले नाही, पण ती डॉक्टर नाही.

कलम पहिले. माझ्या संस्कृत पोथ्या मठाला द्याव्यात. त्यांतल्या दोन मठाच्याच आहेत. काशीहून आल्यावर परत करायच्या राहून गेल्या, त्या कोणत्या हे मठाने शोधू नये.

कलम दुसरे. तळ्याच्या पाण्याविषयी मी साप्ताहिकाकडे एकंदर त्रेचाळीस पत्रे पाठवली. दोन छापून आली. त्यांपैकी एक जनावरांच्या बाजाराच्या बातमीखाली आले, आणि दुसऱ्याविषयी पुढे सांगतो. सरकारी कचेरीकडेही एक दरखास्त दिली होती, की मी पांढरी थाळी दोरीने तळ्यात सोडून पाणी तपासतो, तरी गावात दवंडी देण्याचा हुकूम व्हावा. आठ महिन्यांनी उर्दूतून जबाब आला: "सदर थाळी सरकारी आहे काय? असल्यास परत करावी." हा जबाब चौकटीत घालून भिंतीवर लावला आहे. तो भिंतीसह पुतण्याकडे जाईल.

कलम तिसरे. माझे राहते घर पुतण्या उत्तरेश्वर यास द्यावे. मुलगा वाईट नाही, फक्त उठत नाही. म्हणून अटी दोन. न्हाणीचे पाणी परसातल्या केळींनाच जाईल, तळ्याकडच्या गटारीला नाही. आणि कलम चौथ्यात सांगितलेला आकडा तो रोज सकाळी वहीत लिहील, कारण त्याचे अक्षर माझ्याहून चांगले आहे, शाळेत दुसरे काही न केल्यामुळे ते तसेच चांगले राहिले आहे. एका महिन्यात आठ दिवस वही कोरी दिसल्यास घर गावाकडे जावे आणि त्यात बंडप्पा पाटलांचा घोडा बांधावा व धुवावा. तेवढाच तो पिण्याच्या घाटावर धुतला जाणार नाही.

बंडप्पा पाटलांशी या घोड्यावरून असलेले माझे वैरही उत्तरेश्वराकडेच जाते. ते फार सांभाळावे लागत नाही. वर्षातून एकदा पाडव्याला, पाटील गूळ देताना, "घोडा कुठं धुतला?" एवढे विचारले की ते टिकते.

कलम चौथे. तामचिनीची पांढरी थाळी, गाठी मारलेली दोरी आणि सतरा वह्या रुद्रम्मा शिवलिंगप्पा कोरे, विधवा, दोर वळणारी, हिला द्याव्यात. रोज ऊन पाण्यावर आले की घाटाच्या चौथ्या पायरीवरून थाळी सोडायची. दर हातावर एक गाठ आहे. थाळी दिसेनाशी झाली की वर राहिलेल्या गाठी सोडून बुडालेल्या मोजायच्या. तीन ते पाच हात म्हणजे पाणी गाळून प्यावे. तीन हातांहून कमी भरल्यास उकळून. दोन हातांहूनही कमी भरले तर काय झाले ते तळ्याभोवती फिरून शोधावे, घरी बसून कारण ठरवू नये. हे शेवटचे मी अनुभवाने लिहितो.

रुद्रम्माला लिहिता येत नाही. ती आकडा रस्त्यातून ओरडून सांगेल आणि उत्तरेश्वर लिहील. ओरडताना ती त्याला अहोजाहो करणार नाही, याची त्याने तयारी ठेवावी.

रुद्रम्माच का, असे भावकी विचारील. त्याचे उत्तर पुढल्या कलमात आहे. ते पाटलांनी चावडीवर उभे राहून, सगळ्यांना ऐकू जाईल असे वाचावे. गाळू नये. मी गेलो असेन, पण रुद्रम्मा समोर बसलेली असेल.

कलम पाचवे. शके १८४८ च्या श्रावणात पावसाने ओढ दिली. तळे निम्म्यावर आले आणि पाण्यावर हिरवा थर धरला. गाव चावडीवर जमून माझ्याकडे पाहू लागले, कारण काशीला सात वर्षे राहून आलेला मी एकटाच. कोणी आपल्याकडे असे पाहू लागले की काहीतरी सांगावेसे वाटते. मी सांगितले की तळे ही देवता आहे, तिला अभिषेक नाही म्हणून ती रुसली आहे, तरी घरटी एक घागर पंचामृत घालावे. आधाराला एक श्लोक म्हटला. तो श्लोक कोणत्याही ग्रंथात नाही. मीच तिथे बसल्या बसल्या केला होता, आणि वृत्तातही एके ठिकाणी लंगडा होता. कोणी हटकले नाही.

एकसष्ट घरांच्या एकसष्ट घागरी मंत्र म्हणत पाण्यात गेल्या. गावातल्या वासरांना त्या दिवशी उपास घडला. मी त्याच संध्याकाळी साप्ताहिकाला लिहिले की पाणी स्फटिकासारखे झाले आहे. तिसऱ्या दिवशी मासे उलटे झाले. आठव्या दिवशी तळ्याच्या बाजूची दारे कोणी उघडेना. माझे पत्र छापून आले ते नेमके त्या आठवड्यात, आणि ते चावडीवर वाचले जात असताना ऐकणाऱ्यांनी नाकाला पदर आणि उपरणी लावली होती.

आता कारण सांगणे मलाच भाग होते. मी म्हणालो, हा वास अंबाडीचा. रुद्रम्मा अंबाडीच्या पेंढ्या तळ्यात भिजत घालून कुजवते आणि सालीचे दोर वळते, हे सर्वांना ठाऊक. तो वास गावाच्या ओळखीचा होता. सर्वांना पटले. एकीलाच पटले नाही.

"अय्या," जंगमाला हाक मारतात तसे ती मला म्हणाली, "श्रावणात अंबाडी शेतात उभी असती. माज्या बांधावर चला, हिरवी हाय का न्हाय बघा. तळ्यात कुठनं येईल?"

बंडप्पा पाटील म्हणाले, "स्वामींनी सांगितलंय म्हंजे असंल कायतरी. गेल्या साली भिजवली व्हतीस न्हवं?"

"गेल्या सालचा वास आत्ता येतुया व्हय?"

"वास सावकाश येतो," असे कोणीतरी म्हणाले. ते मी.

पंचांनी तिला पुढल्या श्रावणापर्यंत पाणवठ्यावर बंदी केली. बांधावर अंबाडी पाहायला कोणी गेले नाही. शेतकऱ्यांचे गाव, अंबाडी कधी कापतात हे पोरांनाही माहीत, पण संस्कृत जाणणारा बोलत असताना ते कोणाला आठवले नाही. वर्षभर ती दोन घागरी घेऊन अर्ध्या कोसावरच्या ओढ्याच्या विहिरीवर जात होती. रस्ता माझ्या दारावरून होता. दुसरा रस्ता जवळचा होता, हे मला नंतर कळले.

माझी पत्नी शिवकांता, जी आता नाही, तिने त्या दिवशी फडताळ उघडले. तुळजापूरच्या जत्रेतून आणलेली, पाहुण्यांसाठी जपून ठेवलेली तामचिनीची थाळी तिने माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाली, "काशीला जाऊन आलात. आता तळ्यावर जाऊन या."

मी गेलो. थाळी बुडवून ती कुठे दिसेनाशी होते ते पाहावे, हे मला तिथेच सुचले. दोरी हवी होती, आणि गावात दोर वळणारी एकच.

"कशाला पायजे?" रुद्रम्माने विचारले.

"पाणी किती स्वच्छ आहे ते मोजायला."

"मग आखूडच पुरंल," ती म्हणाली. मी गाठी मारत होतो ते पाहून पुन्हा म्हणाली, "कोरड्या दोरीला गाठी मारू नगा. भिजली की आखडती. आदी भिजवा, मग मोजा." मी तिचे ऐकले नाही. त्यामुळे पहिल्या वहीतले दोन महिन्यांचे आकडे खऱ्याहून चांगले आले. ते खोडून दुरुस्त केले आहेत.

सारांश, त्या श्रावणातला वास अंबाडीचा नव्हता, माझा होता. मासे मी मारले. बंदी मला व्हायला हवी होती. सतरा वर्षे रोज सकाळी तळ्यावर जाऊन हे तेवढे बोलायचे राहून गेले. पाण्याची काळजी वाहणारा म्हणून गावाने मला मान दिला, तो मी घेतला. तो आता परत करतो.

कलम सहावे. एवढे कबूल केल्यावर हेही लिहिले पाहिजे की पुढे मी खरा होतो. बंदी उठल्यावर रुद्रम्मा दर मार्गशीर्षात सगळ्या पेंढ्या तळ्यातच घालू लागली. वह्या उघडून पाहाव्यात: कार्तिकात पाच हात, मार्गशीर्षात दोन. मी दर साल भांडलो. तिचे उत्तर दर साल एकच. "न भिजवता बंदी झाली व्हती अय्या. आता भिजवून फेडती." आणि जाताना विचारायची, "दोरी जुनी झाली का? नवी हाय माज्याकडं." म्हणजे तळे नासले हे मी ज्या दोरीने सिद्ध करीत होतो, ती त्याच तळ्यात कुजवलेल्या अंबाडीची होती. 

तीन वर्षांमागे तळ्याच्या पाळीखालचा, म्हणजे बांधाखालच्या उताराचा, माझा अर्धा बिघा तुकडा मी तिला तोंडी वापरायला दिला. तिथे तिने खड्डा खणला. पाळीतून पाझरते ते पाणी त्यात साठते, अंबाडी तिथे कुजते, आणि घाण खालच्या ओढ्याने निघून जाते, वर तळ्यात येत नाही. आज मार्गशीर्षात माझी थाळी साडेचार हात दिसली. तळे दर साल थोडे निवळत गेले, पण सतरा वर्षांत या महिन्यात इतके कधी झाले नव्हते.

परंतु तुकडा माझ्या नावावर आहे. मी सोलापूरहून परत न आल्यास तो वारसाने उत्तरेश्वराकडे जाईल, आणि त्याला तिथे ऊस लावायचा आहे असे तो झोपेतही बोलतो. मग अंबाडी पुन्हा तळ्यात, आणि एकसष्ट घरे तेच पाणी पिणार. म्हणून तो तुकडा मी रुद्रम्माच्या नावे कायमचा करून देत आहे. अट एकच, अंबाडी पाळीच्या वर न्यायची नाही. उत्तरेश्वराने या कलमावर अदालतीत जाऊ नये. अदालत सकाळी भरते.

कलम सातवे. आमच्या घराण्यातल्या सहा पिढ्यांना, आपल्या लिंगायत रीतीप्रमाणे बसवून, तळ्याच्या वरच्या अंगाला ओढ्याकाठी समाधी दिली आहे. तो ओढा तळ्यात येतो. त्या अर्थाने माझे पूर्वज अजून गावाच्या उपयोगी पडत आहेत, पण मी हा मान घेणार नाही. मला वर पुरल्यास पहिल्या पावसाळ्यात मी तळ्यात उतरेन, आणि थाळी किती हातांवर दिसेनाशी होईल ते सांगता येत नाही. तरी मला पाळीच्या खाली, रुद्रम्माला दिलेल्या तुकड्याच्या कोपऱ्यात बसवावे. अंबाडीच्या खड्ड्याशेजारी. त्या वासाविरुद्ध मी सतरा वर्षे लिहीत आलो, हे मला आठवते.

वरील मजकूर आज दुपारी साक्षीदारांसमोर रुद्रम्माच्या ओट्यावर बसून वाचून दाखवला. कलम पाचवे ऐकताना ती दोर वळत होती. वाचून झाले तरी वळत राहिली. मग म्हणाली, "एवढं सांगाया मुतखडा लागला व्हय?"

मी टाक शाईत बुडवला.

ती म्हणाली, "थाळी म्या घेती. वह्या त्या पोराकडंच ऱ्हाऊ द्या, माज्याकडं उंदरं लई." मी कलम चौथ्यात त्याप्रमाणे बदल मान्य करतो. पुढे म्हणाली, "कोपरा कुठला? वाऱ्याच्या अंगाचा का आडोशाचा?"

"तुझ्या मर्जीवर," मी म्हणालो.

"मग आदी परत या," ती म्हणाली. "आल्यावर बघू."

तरी ही एक बाब या मृत्युपत्रात ठरवलेली नाही. बाकी सर्व कायम.

मुक्काम उंबरतळे. मार्गशीर्ष शुद्ध दशमी, शके १८६५. माहे बहमन, सन १३५३ फसली.

सही: सिद्धेश्वर महारुद्र मठपती, दस्तुर खुद्द

साक्ष: बंडप्पा पाटील. मजकूर ऐकला. चावडीवर वाचीन, गाळणार नाही. त्या पंचांत मीही होतो, हे वाचतेवेळी सांगेन. घोड्याविषयी लिहिले ते कबूल नाही. तो आता पलीकडच्या घाटावर धुतला जाईल.

साक्ष: महांतप्पा पुजारी. पंचामृताच्या दिवशी पहिली घागर माझी होती. म्हणून सही करतो.